चार कर्णधार आणि एक गवा

एका जंगलात, बाळांनो, सायकलींचं फार वेड होतं. जंगलात सायकली आल्या कुठून, असं विचारू नका. तुम्ही गोष्ट ऐकायला बसला आहात, जकात नाक्यावर नाही. ज्याला चार पाय आहेत त्याला दोन चाकं कशाला लागतात, असं मागच्या खेपेला एकानं विचारलं होतं. त्याला मी उठवून बाहेर पाठवलं.

तर त्या जंगलात आबासाहेब अस्वल नावाचे एक बडे गृहस्थ राहत. त्यांचा मधाचा धंदा होता. मध गोळा करायच्या माश्या, विकायचे आबासाहेब, आणि कष्टाळू म्हणून नाव व्हायचं आबासाहेबांचं. धंद्याची जाहिरात व्हावी म्हणून त्यांनी सायकलस्वारांचा एक संघ पाळला होता. संघाच्या पिवळ्या जर्सीवर पाठीमागे ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, 'आबासाहेबांचा अस्सल मध'. पाठीमागे अशासाठी, की हा संघ कायम पुढे असायचा आणि बाकीच्या जंगलाला शर्यतभर तेवढंच दिसायचं.

संघात पाच स्वार होते. काळवीट, भेकर, ससा, तरस आणि गवा. शिवाय एक साळिंदर होता, तो पंक्चर काढायचा. निम्मी पंक्चरं त्याच्याच काट्यांनी व्हायची, पण ती तो काढायचाही झटपट, त्यामुळे कोणाची तक्रार नसे.

आता सायकलच्या शर्यतीतली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शर्यतीत जो सगळ्यांत पुढे असतो त्याला वारा लागतो. त्याच्या पाठीला चिकटून जो येतो त्याला वारा लागत नाही. पुढचा घामाघूम होतो आणि मागचा शीळ घालत येतो. हे कळायला विज्ञान शिकावं लागत नाही, थोडा आळस अंगात असला की पुरतं.

या संघात पुढे असायचा गवा. त्याची पाठ केवढी, तर दोन पोरांनी तिच्यावर पत्ते खेळावेत एवढी. करवंदीच्या घाटात समोरून वारा सुटला की गवा मान खाली घालून पॅडल मारत राही. त्याच्या मागे काळवीट, त्याच्या मागे भेकर, मग ससा, मग तरस. मागच्या चौघांच्या कपाळावरचा केसही हलत नसे.

घाट संपला की एक जांभळाचं झाड होतं आणि तिथे शेवटचं वळण होतं. त्या वळणावर काळवीट मागून हाक मारायचा, "दादा, बाजू." गवा डावीकडे सरायचा. काळवीट सूं करून पुढे निघायचा, फीत तोडायचा आणि फोटो काढून घ्यायचा. उरलेले तिघे त्याच्या पाठोपाठ पोचायचे. गवा सगळ्यांत शेवटी यायचा. तोवर फीत धरणारी माकडं ती गुंडाळून चहाला गेलेली असत. इतक्या शर्यती झाल्या, पण ताणलेली फीत कशी दिसते ते गव्याला ठाऊक नव्हतं. ती पांढरी असावी, असं तो धरून चालला होता.

संघात कर्णधाराची टोपी एकच होती. लाल, वर मोराचं पीस लावलेली. ती काळविटाकडे होती. शिंगांमुळे ती डोक्यावर बसत नसे, म्हणून तो ती डाव्या शिंगाला अडकवून हिंडायचा. आंघोळीलाही काढत नसे. भेकर, ससा आणि तरस या तिघांचं शर्यतीपेक्षा त्या टोपीकडेच जास्त लक्ष असायचं.

जंगलाच्या खालच्या अंगाला एक तळं होतं. तिथे सुसरबाई राहत. तळ्यातला चिखल डब्यांत भरून त्या 'सुसरबाईंचा सौंदर्यलेप' म्हणून विकत. लेप लावून चेहरा उजळतो, असा त्यांचा दावा होता. त्या स्वतः रोज दोन वेळा लावत. फरक पडला का, हे जवळ जाऊन बघायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून दावा टिकून होता.

सुसरबाईंनी सायकल कधी जवळून पाहिलेली नव्हती. पण आबासाहेबांच्या फोटोभोवती अख्खं जंगल गोळा होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ठरवलं, आपणही संघ काढायचा. नवीन स्वार शोधून, शिकवून तयार करणं त्यांना जमलं असतं, पण त्याला वेळ लागतो. आणि तयार स्वार समोरच्या घरात असताना कोण शोधत बसतं?

त्यांनी चौघांना तळ्यावर बोलावलं. चौघं आले आणि काठापासून बऱ्यापैकी लांब उभे राहिले. सुसरबाईंनी मायेनं विचारपूस केली. तिकडे मिळतं काय, राहता कुठे, सुखी आहात ना. भेकर म्हणालं, सगळं ठीक आहे. ससा म्हणाला, मधही भरपूर मिळतो. तरस नुसता काळविटाच्या शिंगावरच्या टोपीकडे बघत राहिला. सुसरबाईंना तेवढं पुरलं.

"माझ्या संघात सगळेच कर्णधार," त्या म्हणाल्या.

तरसानं जरा भीत भीत विचारलं, की सगळेच कर्णधार झाले तर ऐकायचं कोणी? सुसरबाई म्हणाल्या, ऐकायला लागू नये म्हणूनच तर कर्णधार व्हायचं असतं. तिघांना हे एकदम पटलं.

काळविटाचा मात्र चेहरा पडला. तो कर्णधार होताच. त्याला यात काय मिळणार? सुसरबाईंनी त्याला दोन पिसांची टोपी कबूल केली आणि मुख्य कर्णधार केलं. त्याबरोबर बाकीच्या तिघांचे चेहरे पडले. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी चौघेही मुख्य कर्णधार झाले. मोरावर जो प्रसंग ओढवला तो मी सांगत नाही.

निघताना काळविटाला आठवण झाली. आमच्यात एक गवा पण आहे, तो म्हणाला. सुसरबाईंनी विचारलं, त्यानं शर्यती किती जिंकल्या? एकही नाही. मग येतो कितवा? शेवटचा.

"मग त्याला आणून काय करू?" सुसरबाई म्हणाल्या.

काळविटानं विचार केला. बोलणं बरोबर होतं. शेवटी येणाऱ्याला कोण घेतं? इतकी वर्षं तो गव्याच्या मागे बसला होता, पण गवा करतो काय हे त्यानं कधी समोर जाऊन पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या शेडबाहेरच्या दोरीवर चार पिवळ्या जर्सी वाळत होत्या. दुपारी त्या खडखडीत वाळल्या, तरी कोणी काढायला आलं नाही. तेव्हा साळिंदराच्या लक्षात आलं. चौघं गेले होते.

आबासाहेबांनी आकाशपाताळ एक केलं. ज्यांना बोटानं मध चाटवला त्यांनीच दगा दिला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगू लागले. तिसऱ्या माणसाला, म्हणजे तिसऱ्या जनावराला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं, कारण तोवर चांगला सराव झाला होता. मग त्यांनी जाहीर केलं, की यंदाच्या करवंदीच्या शर्यतीत पिवळ्या जर्सीनंच फीत तोडली पाहिजे. नाही तोडली तर संघ बंद. शेडमध्ये मधाच्या पेट्या ठेवू.

हे गव्यानं शेडच्या दारातून ऐकलं. तो शेडमध्येच राहायचा. सायकल शिकायला म्हणून तो कळप सोडून आला, तेव्हा कळपानं थोडे दिवस वाट पाहिली आणि मग चरत चरत डोंगरापलीकडे निघून गेला. त्या शेडखेरीज त्याला अंग टेकायला जागा नव्हती.

गवा संघ सोडून गेला नाही, याचं जंगलात फार कौतुक झालं. एकनिष्ठ असावं तर असं, म्हणून म्हाताऱ्या वानरिणी नातवंडांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या. खरं सांगायचं तर त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. पुष्कळांची निष्ठा अशीच टिकून असते, बाळांनो. पण बोलावलं असतं तरी तो गेला नसता, असं साळिंदर छातीवर हात ठेवून सांगायचा. छातीवर हात ठेवणं साळिंदराला सोपं नसतं, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

साळिंदरानं गव्याला शेडच्या पायरीवर बसवून समजावलं.

"गव्या, आता तुझ्या मागे कोणी नाही. तेव्हा शेवटपर्यंत तूच जायचंस. जांभळाखाली बाजूला व्हायचं नाही."

"नाही व्हायचं," गवा म्हणाला.

"सरळ जायचं."

"सरळ जायचं, मामा. पण मग फीत कोण तोडणार?"

साळिंदरानं कपाळावर हात मारून घेतला आणि बराच वेळ हातात रुतलेला काटा काढत बसला. मग त्यानं सराव सुरू केला. गवा रोज घाट चढून जांभळाशी यायचा. पहिल्यांदा तो डावीकडे सरला आणि थेट करवंदीच्या जाळीत गेला. पुढेही बरेच दिवस तो जाळीतच जात राहिला. हळूहळू कमी झालं. शेवटी एक दिवस तो वळणावरून रस्त्याच्या मधोमध, नाकासमोर सरळ निघून गेला. साळिंदर आनंदानं इतका फुलला, की जवळपासच्या सगळ्यांना लांब व्हावं लागलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. नवीन संघ शेवाळी हिरव्या जर्सीत आला. चौघांच्या टोप्यांवर दोन दोन पिसं होती. इतरही काही संघ होते, पण ते पहिल्याच चढावर धापा टाकत बसायचे. त्यांच्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

झेंडा पडला. समोरून वारा असा सुटला होता, की झेंडा पाडणाऱ्या माकडाला तो परत धरायला धावावं लागलं.

हिरवे चौघं निघाले आणि थोड्याच अंतरावर पेच पडला. पुढे कोणी जायचं? काळवीट भेकराला म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. भेकर म्हणालं, छे, मान तुमचा. सशानं तरसाला वाट करून दिली. तरसानं ती नम्रपणे परत केली. चौघांनाही पक्कं ठाऊक होतं, की कर्णधार मागे असतो आणि शेवटी पुढे येतो. आजवर त्यांनी कर्णधार पाहिला होता तो तसाच पाहिला होता. त्यामुळे चौघं एकमेकांच्या मागे जायला बघू लागले आणि वेग कमी होत होत अखेर सशानं पाय जमिनीला टेकला.

तेवढ्यात मान खाली घालून गवा शेजारून गेला. एकटा, आपल्या चालीनं.

तो शेजारून जाताना क्षणभर वारा थांबला. काळविटाच्या मनात काही यायच्या आत त्याचं पुढचं चाक गव्याच्या मागे जाऊन चिकटलं. काळविटाच्या मागे भेकर, मग ससा, मग तरस. भेकरानं तर डोळेच मिटून घेतले, म्हणजे आपण कुठे चाललो आहोत हे आपल्याला दिसायला नको.

गव्यानं मागे वळून पाहिलं नाही. पण काळविटाच्या सायकलच्या साखळीची कुरकुर त्याच्या ओळखीची होती. तरसाचं नाक ओढणंही ओळखीचं होतं. तेव्हा मागे कोण आहे हे त्याला समजलं. आणि त्याला बरं वाटलं. हे मी तुमच्यापासून लपवू शकलो असतो, पण त्याला खरोखर बरं वाटलं. किती दिवस तो त्या घाटात एकटा सराव करत होता, त्याला करमत नव्हतं. वळणावर बाजूला व्हायचं नाही एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं. शेड वाचवायची आहे. तोवर वारा काय, तो अडवायचाच आहे, चौघांना लागला नाही म्हणून आपल्याला जास्त थोडाच लागणार आहे?

असा सगळा घाट चढून झाला. जांभूळ आलं. दोन्ही बाजूंना अख्खं जंगल दाटीनं उभं होतं. साळिंदराभोवती तेवढी मोकळी जागा होती.

गवा वळणावर आला. बाजूला झाला नाही. रस्त्याच्या मधोमध राहून तो नाकासमोर निघाला आणि त्यानं मान वर केली. समोर फीत होती. ताणून धरलेली, वाऱ्यानं थरथरणारी आणि लालभडक. पांढरी नव्हतीच. गव्याला केवढंतरी नवल वाटलं. एवढंसं अंतर राहिलं होतं. तुम्ही इथून त्या दारापर्यंत जाल तेवढंच.

"दादा, बाजू," मागून काळवीट म्हणाला.

काळविटाचा यात काही डाव नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. जांभूळ आलं की त्याच्या तोंडातून ते निघायचंच. साळिंदरानं गव्याकडून सगळा सराव करून घेतला होता, पण मागून हाक मारायला तेव्हा कोणी नव्हतं. तो सराव राहून गेला होता.

गवा डावीकडे सरला.

आपण सरलो हे त्याला कळलं तेव्हा चार हिरव्या पाठी त्याच्या पुढे होत्या. काळविटानं फीत तोडली, दोन्ही पाय वर केले आणि सवयीनं ओरडला, "आबासाहेबांच्या मधाचा विजय असो." सुसरबाईंच्या नोकरांनी त्याला घाईघाईनं बाजूला घेऊन पुन्हा ओरडायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यानं बरोबर सौंदर्यलेपाचं नाव घेतलं आणि फोटो दुसऱ्या वेळचाच काढला.

गवा पोचला तेव्हा फीत गुंडाळून झाली होती.

आबासाहेबांनी लगेच चौकशी बसवली. चौकशीला आबासाहेबच बसले. गवा समोर उभा राहिला.

"घाटभर वारा अडवलास?"

"अडवला."

"कोणासाठी?"

"आपल्याच चौघांसाठी."

"त्यांच्या जर्सी कोणत्या रंगाच्या होत्या?"

"मी मागे बघत नाही, आबासाहेब," गवा म्हणाला. "मला फक्त आवाज ओळखू येतात."

मग वळणावर बाजूला झालास का, असं विचारल्यावर तो झालो म्हणाला. निकाल सोपा होता. शत्रूच्या संघाला घाट चढवून दिला आणि शेवटी वाटही करून दिली, असा दगाबाज जंगलात दुसरा झाला नाही, असं आबासाहेब म्हणाले. जे सोडून गेले ते निदान तोंडावर सांगून गेले. तसे ते गेले नव्हते, जर्सी वाळत टाकून गेले होते. पण चौकशीत असल्या बारीक गोष्टी काढायच्या नसतात. गव्याची जर्सी आणि सायकल काढून घेतली. शेडमध्ये मधाच्या पेट्या आल्या आणि गवा शेडमागच्या उघड्या माळावर राहायला गेला.

इकडे नवीन संघाचं काही दिवस फार छान चाललं. म्हणजे शर्यत नव्हती तोवर. पुढची शर्यत आली आणि गवा नव्हता. चौघं सुरुवातीच्या रेषेवर एकमेकांना 'आधी आपण' म्हणत राहिले. बाकीचे संघ धापा टाकत का होईना, पण घाट चढून उतरून परत आले, तरी यांचा मान देऊन संपला नव्हता. त्याच्या पुढच्या शर्यतीत मान देणं संपलं आणि शिंगं उगारणं सुरू झालं. सशाला शिंगं नव्हती, म्हणून तो चावला.

सुसरबाई कंटाळल्या. त्यांनी सायकली विकून नौकानयनाचा संघ काढला. पाणी घरचंच होतं. चौघा कर्णधारांनी तळ्याच्या काठी दोनचार दिवस तोंड लपवून काढले आणि मग एका सकाळी ते आबासाहेबांच्या दारात येऊन उभे राहिले.

आबासाहेबांनी काय केलं असेल? तुम्ही म्हणाल, काठी घेऊन धावले असतील. तुम्ही अजून लहान आहात. त्यांनी चौघांना कवटाळलं. शेडमधल्या पेट्या हलवल्या, मांडव घातला, अख्खं जंगल जेवायला बोलावलं आणि चौघांच्या गळ्यात स्वतःच्या हातानं रानफुलांचे हार घातले. टोप्या चौघांच्याही राहू दिल्या.

"ही लेकरं मनानं कधी गेलीच नव्हती," आबासाहेब भरल्या गळ्यानं म्हणाले. "जिंकतानासुद्धा त्यांच्या तोंडी नाव माझ्याच मधाचं होतं. याला म्हणतात निष्ठा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गवा गर्दीच्या मागे उभा होता, त्यानंही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर साळिंदर पुढे झाला आणि म्हणाला, आता गव्यालाही परत घ्यावं. आबासाहेबांना त्याचं काही वावडं नव्हतं. त्यांनी मन मोठं करून विचारलं, "गवा कोणत्या संघात गेला होता?"

"कुठेच गेला नव्हता."

"मग तो परत कसा येणार?" आबासाहेब म्हणाले.

जमलेल्या सगळ्यांनी यावर विचार केला. कोणालाही त्यात चूक सापडली नाही.

मग कार्यक्रमाचा शेवट म्हणून चौघांनी आबासाहेबांनी घेऊन दिलेल्या नव्या सायकलींवरून घाटाला एक फेरी मारून दाखवावी, असं ठरलं. चौघं रेषेवर आले. वारा होताच. काळविटानं भेकराकडे पाहिलं, भेकरानं सशाकडे, सशानं तरसाकडे. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. तेव्हा काळवीट खाली उतरला, गर्दीतून वाट काढत मागे गेला आणि हळूच म्हणाला, "दादा, तू पुढे येतोस का? जर्सीचं काही जमायचं नाही."

गव्यानं विचारलं, "शेडमध्ये झोपता येईल का?"

"तिथे आता चार कर्णधार आहेत रे," काळवीट म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण जागाही खरंच नव्हती.

मी गव्याला सांगत होतो, नको जाऊस. तुम्हीही मनात तेच म्हणत होता, मला दिसतंय. पण त्याला आजवर कोणी 'येतोस का' म्हणून विचारलेलं नव्हतं. त्यानं साळिंदराची मोडकी सायकल उसनी घेतली, चौघांच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि मान खाली घातली.

फेरी फार झकास झाली. दुसऱ्या दिवशी फोटो आला. त्यात चारही कर्णधार हारांसकट स्पष्ट दिसत होते, आणि समोर उघड्या अंगाचं कोणीतरी मध्ये आलं होतं, तेवढं कापून टाकलं होतं.

तात्पर्य : बाळांनो, तुम्हाला एकनिष्ठ म्हणून नाव कमवायचं असेल, तर अधूनमधून सोडून जायला शिका. जो जातो तोच परत येतो, आणि जो परत येतो त्याच्याच गळ्यात हार पडतो. जो जागचा हलत नाही, त्याच्या निष्ठेला पुरावा कुठून आणायचा?